वाळलेल्या चार काचा

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर माझ्या लेकीची, आरोहीची दुपटी वाळत घालत होते. थोरल्या भाऊजींचा फोन. ते एवढंच म्हणले, "शीतल, विमल गेली गं," अन् मग फोन तसाच चालू राहिला, त्यांचा श्वास ऐकू येत होता, मागं दवाखान्यातली ट्रॉली ढकलल्याचा आवाज येत होता, अन् मी हातात चिमटा धरून तशीच उभी... मला रडू आलं नाय. खोटं लिहायचं असतं तर मी लिहायलाच बसले नसते, म्हणून सांगते. मनात पहिलं आलं ते हे, की आता कुणाला कळणार नाय. अन् त्याच्यानंतर मला माझीच इतकी भीती वाटली की दुपटी तशीच टाकून खाली पळाले, आरोहीला झोपेतनं उचललं, छातीशी धरलं, अन् मग रडले. ते बाईंसाठी होतं का माझ्यासाठी, ते मला आजपण सांगता येत नाय.

बाई म्हणजे विमलबाई, माझ्या थोरल्या जाऊ. आमच्याकडं थोरल्या जावेला बाई म्हणतात. बजाजनगरला आमचं घर हाय, खाली त्या अन् भाऊजी, वर आम्ही, स्वयंपाक सगळ्यांचा खालीच. त्यांची लेक गंगापूरला दिलेली. मी वैजापूरची, नववी शिकलेली, लग्न होऊन आले तेव्हा एकोणीस वर्षांची. बाई शहरातल्या एका लॅबमध्ये कामाला होत्या, बावीस वर्षं. हातात शिक्षणाचा कागद कुठलाच नाय, झाडायला-पुसायला म्हणून लागल्या अन् बघून बघून काचा करायला शिकल्या. काचा म्हणजे, गाठीत सुई घालून जे काढतात ते काचेच्या पट्टीवर पसरायचं, रंगवायचं, मग डॉक्टर मायक्रोस्कोपखाली बघून सांगतात की कॅन्सर हाय का नाय. त्या काचा बाईंसारख्या कुणाला जमत नाय असं लॅबमधले डॉक्टर म्हणायचे. हे मला कसं माहीत, तर बाईच रोज सांगायच्या.

रविवारी पेपरची पुरवणी आली की त्या मोठ्यानं वाचायच्या, अन् त्यात कुणी आपल्या गेलेल्या माणसावर लिहिलेलं असलं की हसायच्या. "मेला की झाला देवमाणूस. याच्या बायकोला विचारा म्हणावं." एकदा माझ्याकडं बघून म्हणल्या, "माझ्यावर असलं कुणी लिहिलं तर वरून येऊन कान धरीन." तर बाई, तुम्हाला यायची गरज पडणार नाय. तुम्ही देवमाणूस नव्हत्या. तुम्ही मला पाच वर्षं छळलं.

छळलं म्हणजे हात उगारला नाय, उपाशी ठेवलं नाय. त्यांचं छळणं बारीक होतं. मी घासलेला ग्लास त्या दोन बोटांनी कडेला धरायच्या, मधी बोट लागू द्यायच्या नाय, अन् खिडकीच्या उजेडात धरून असा गोल फिरवायच्या. डाग दिसला की एक शब्द न बोलता ग्लास परत मोरीत. कधी कधी सहाच्या सहा. मग शेवटी म्हणायच्या, "वैजापूरला चष्मे मिळत नाय का गं?" मी धपाटं थापलं की, "मधी जाड, कडंला फाटकं. असं मी काचेवर पसरलं असतं तर डॉक्टरनी माझ्या तोंडावर फेकलं असतं." पाहुणे आले की, "आमची शीतल नववी लई मन लावून शिकली, दोन वर्षं." सगळे हसायचे, मी पण हसायचे, अन् वर जाऊन उशीत तोंड घालायचे. आमचे हे कंपनीतनं आले की म्हणायचे, तिचं बोलणंच तसं हाय, मनावर घेऊ नको. मनावर नाय तर कुठं घेऊ, ते त्यांनी कधी सांगितलं नाय.

आरोही पोटात असताना मी दोन-तीनदा त्यांचा राहिलेला डबा द्यायला लॅबमध्ये गेले होते. तिथं त्यांच्या शेजारच्या टेबलावर शबानाबाजी बसायच्या, वीस वर्षांची दोघींची मैत्री, अन् वीस वर्षांचं भांडण. तेव्हा लॅबमध्ये नवीन पद्धत आली होती. सुईतलं जे निघतं ते काचेवर पसरायचंच नाय, औषधाच्या बाटलीत धुवून टाकायचं. मग मशीन त्यातलं रक्त, चिकट सगळं बाजूला काढतं अन् नुसत्या पेशींचा एक गोल पातळ थर काचेवर आपोआप बसतो. शबानाबाजीला ती बाटली लई आवडली होती. "ना जाड होने का झंझट, ना सूखने का डर," त्या म्हणायच्या. बाईंना अजिबात पटायचं नाय. "तांदूळ धुतल्यासारखं करतंय ते तुमचं मशीन. पेशी तेवढ्या राहतात, आजूबाजूचं सगळं जातं. कोण कुणाला चिकटून बसलंय, कसल्या चिखलात बसलंय, ते कळायला नको?" शबानाबाजी म्हणल्या, "उसी चिखल में तेरे आधे पेशंट डूब गए, विमल." दोघी खदाखदा हसल्या, अन् मी डबा धरून दारात उभी. मला त्यातलं काय कळलं नाय. पण बाई अशा मोकळ्या हसतात, हे मी तिथं पहिल्यांदा बघितलं, अन् मला राग आला, की घरी का नाय हसत.

संक्रांत झाली अन् बाईंचं पोलकं ढिलं पडायला लागलं. पाठ दुखायची, जेवण जात नव्हतं. मग डोळे पिवळे झाले. फोटो काढले तर पोटाच्या मागं जी पॅनक्रियाज म्हणून ग्रंथी असते तिच्यात गाठ दिसली. डॉक्टर म्हणले, तोंडातनं दुर्बीण घालून सुईनं त्यातलं काढू, तपासू, कॅन्सर हाय असं पक्कं झालं अन् लवकर झालं तर ऑपरेशनला जागा हाय. सगळं त्या तपासणीवर अडकलं होतं, हे मला पण कळत होतं. शबानाबाजी घरी येऊन बसल्या, हात जोडून म्हणल्या, "विमल, इस बार मेरी सुन. सगळं बाटलीत घाल." बाई म्हणल्या, "माझं शरीर, माझी काच. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या केल्या, माझी नीट करून घेता येत नाय व्हय मला?"

आता त्या स्वतः तर आत गुंगीत झोपलेल्या असणार. त्या दवाखान्यात आतली सिस्टर काचेवर पसरून ट्रेमध्ये बाहेर देते, तिथनं नातेवाईक लॅबला नेतात. तशा वाटेत वाळलेल्या काचा बाईंना नको होत्या. म्हणल्या, काच ओली असतानाच स्पिरिटमध्ये बुडाली पाहिजे, तरच पेशी जशाच्या तशा राहतात. शबानाबाजीची सुट्टी नव्हती. भाऊजींना रक्त बघून चक्कर येते. आमच्या ह्यांची पहिली शिफ्ट. राहिले मी, अन् काखेत पाच महिन्यांची आरोही. आदल्या दिवशी बाईंनी कॉफीची जुनी बरणी धुवून तिच्यात स्पिरिट भरलं अन् मला समोर उभं केलं. "काय करायचं?" "काचा आल्या की बुडवायच्या." "कधी?" "लगेच." "लगेच म्हणजे?" "लगेच, बाई." "काच कुठं धरायची?" "कडेला." सात वेळा म्हणून घेतलं माझ्याकडनं, शाळेतल्यासारखं. मला इतका अपमान वाटला की मी मनात म्हणलं, करून दाखवते तुम्हाला.

दवाखान्यात दोन तास बसले. आरोहीला उकडत होतं, किरकिर करत होती. मग दार उघडलं, सिस्टरनी ट्रे हातात दिला, चार काचा, त्यांच्यावर पातळ लालसर ओलं, चमकत होतं. अन् त्याच घडीला आरोहीनं जो सूर लावला... अंग ताठ करून, निळी पडून. दारावरची मावशी म्हणली, "ओ बाई, लेकराला गप करा, आत पेशंट हायेत." मला काय सुचेना. बरणी पिशवीत खाली, पिशवीवर दुपटी, एक हात लेकराखाली, एक हात ट्रेखाली. मी ट्रे खिडकीच्या कठड्यावर ठेवला, वर पंखा गरगर फिरतोय, अन् म्हणलं दोन मिनिटं, दोनच मिनिटं, तोंडात दिलं की गप होईल. भुकेली होती ती. पीत राहिली. मी सोडवायला गेले की परत रडायची. वीस मिनिटं झाली असतील. मग काचा बघितल्या तर त्यांची चमक गेलेली, ताकाचं भांडं न धुता ठेवावं तशा पांढुरक्या झालेल्या. अन् मला भीती वाटली नाय. हे मला सांगायचं हाय, मला तेव्हा भीती वाटलीच नाय. कारण मला वाटलं, वाळलं तर वाळलं, बुडवल्यावर परत ओलं होतंय की. आमच्याकडं उन्हाळ्यात खारोड्या वाळवतात, बाजरीच्या, दगडासारख्या होतात, अन् पाण्यात टाकल्या की परत फुगतात, काय बिघडत नाय त्यांचं. मी चारी काचा बरणीत बुडवल्या, झाकण लावलं, अन् बाहेर थांबलेल्या भाऊजींच्या मागं गाडीवर बसून लॅबला पोहोचत्या केल्या. लई अभिमान वाटला मला त्या दिवशी.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. त्यात लिहिलं होतं की पेशी नीट दिसत नाय, पक्कं काय सांगता येत नाय. भाऊजींनी वाचलं, "म्हणजे निघालं नाय." त्यांनी पेढे आणले. अख्ख्या गल्लीत वाटले. बाई पेढा हातात धरून बसल्या, खाल्ला नाय. म्हणल्या, "दिसलं नाय म्हणजे नाय, असं नसतं." भाऊजी चिडले. "तुला चांगलं बोलताच येत नाय का? सणासुदीला पण वाकडंच." अन् ते त्यांना काविळीचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्या कुणाकडं तरी घेऊन जायला लागले, दर आठवड्याला.

त्याच दिवशी बाई लॅबला जाऊन आल्या, आपल्या काचा आपण बघितल्या. संध्याकाळी मी गच्चीवर खारोड्या गोळा करत होते. त्या कठड्याला धरून धरून वर आल्या, दम लागलेला. "किती वेळ लागला होता गं तुला?" मी वर बघितलंच नाय. "लगेच बुडवल्या, बाई." त्यांनी कापडावरची एक खारोडी उचलली, दोन बोटांनी, कडेला धरून. तोडली. आतनं बघितली. "व्हय?" एवढंच म्हणल्या, अन् खाली गेल्या.

ग्लासावरच्या डागावरनं जी बाई मला रडवायची, मिठावरनं दोन दोन दिवस बोलायची नाय, ती यावर एक शब्द बोलली नाय. मी रोज वाट बघायचे. भाकरी करताना पाठीमागं पाऊल वाजलं की वाटायचं आता बोलतील, भाऊजींसमोर बोलतील, माझ्या आईला फोन करून बोलतील. नाय बोलल्या. माझा जीव टांगून ठेवला. मला वाटायचं, मुद्दाम करतायत, माझी दोरी हातात ठेवायची म्हणून. सहा आठवडे असे गेले. अन् आता लिहिताना मला एक कळतंय, की त्या सहा आठवड्यांत बाई पण परत तपासायला गेल्या नाय. सगळं कळत असून. काविळीचा तो कडू काढा पीत राहिल्या. बाई घाबरल्या होत्या. हे मला तेव्हा दिसलं नाय, मी माझ्याच भीतीत होते.

दुसऱ्यांदा सुई घातली तेव्हा अंग हळदीसारखं झालं होतं. मी पिशवी भरायला लागले तर म्हणल्या, "तू नको. लेकराला सांभाळ." मला ते गालावर मारल्यासारखं लागलं. त्या वेळी शबानाबाजी रजा टाकून स्वतः गेल्या, एक काच नाय केली, सगळं बाटलीत. तीन दिवसांत रिपोर्ट आला, अन् त्यात शंका नव्हती. पण तवर लिव्हरमध्ये गेलेलं, ऑपरेशनची जागा राहिली नव्हती. मी डॉक्टरांना एकटीनं गाठून विचारलं, आधी कळलं असतं तर? ते म्हणले, "सांगता येत नाही. कदाचित काही फरक पडला असता, कदाचित नाही." मी घरी येऊन ते वाक्य लई वेळा उलटून पालटून बघितलं. कुठल्याच बाजूनं मला त्यात बसायला जागा नव्हती.

बाई गेल्या. तेरावं झालं. मग एका सकाळी भाऊजी एक टाइप केलेला कागद घेऊन आले. लॅबच्या मालकाच्या नावानं अर्ज होता, की शबाना मॅडमनी पहिल्या काचा खराब केल्या, त्यांच्यामुळं उशीर झाला, त्यांना कामावरनं काढा, नाय तर आम्ही पुढं जाऊ. म्हणले, "काचा तू नेल्या होत्या. चांगल्या होत्या असं लिहिलंय. इथं सही कर." शबानाबाजीचा नवरा दोन वर्षांपासून अंथरुणाला हाय. घर त्यांच्यावर चालतंय. मी पेन हातात घेतला. आरोही पायाला धरून उभी राहायला बघत होती. मी म्हणलं, हात ओले हायेत, नंतर करते. माझे हात कोरडे होते.

दुसऱ्या दिवशी आरोहीला घेऊन रिक्षानं शहरात गेले. शबानाबाजी टेबलावर काचा पुसत होत्या, बाईंच्या टेबलावर कापड टाकलेलं. मी बसलेच नाय, उभ्या उभ्या सगळं सांगितलं, खिडकी, पंखा, वीस मिनिटं, अन् भाऊजींचा कागद. त्यांनी मान वर केली नाय. "मालूम है मेरेको," म्हणल्या. "पहिल्या दिवसापासनं मालूम है. हम दोनों ने साथ में बघितल्या. सगळ्या पेशी सुजल्यासारख्या, धुरकट, क्या है समझेच ना. मी बोलली, ये तो सूख के डुबोई किसीने. विमल बोली, हां, पोरगी लेकराला पाजत बसली असेल." मी म्हणलं, बाईंना कुणी सांगितलं? "किसीने नहीं. काचेवर अंगठा होता तुझा. दुधाचा."

मग त्यांनी हातातली काच खाली ठेवली. "मेरेको बोली, कुणाला बोलू नको. बाटली मीच नको म्हणले, तिच्या गळ्यात कशाला." त्या हसल्या, डोळे भरलेले. "और ऊपर से क्या बोली, मालूम? बोली, सात वेळा म्हणून घेतलं, तरी येडीनं मधी बोट लावलंच."

मी घरी आले. माझा राग गेला असं कुणाला वाटत असेल तर तसं नाय. उलट वाढला. मला माझ्या तोंडावर सांगितलं असतं, शिव्या दिल्या असत्या, एक ठेवून दिली असती, तर मी पण म्हणले असते की बाई, तुम्ही बाटली का नको म्हणल्या, तुमची ऐट का नाय सोडली. आम्ही भांडलो असतो अन् भांडून दुसऱ्याच आठवड्यात परत सुई घातली असती. तुम्ही गप्प बसल्या. मी गप्प बसले. भाऊजींनी पेढे वाटले. अन् आता तुम्ही तिकडं, अन् मी इकडं एकटी हे घेऊन.

संध्याकाळी भाऊजी चहाला आले तेव्हा मी सही न केलेला कागद त्यांच्यासमोर ठेवला अन् सांगितलं. आरोहीला कडेवर घेऊन सांगितलं, मुद्दाम, म्हणजे ते अंगावर येणार नाय. ते आले नाय अंगावर. "किती वेळ?" त्यांनी विचारलं. बाईंनी विचारलं होतं तेच. या वेळी मी खरं सांगितलं. त्यांनी आरोहीकडं बघितलं, कागदाच्या चार घड्या घातल्या अन् तो खिशात ठेवला. तो त्यांनी लॅबमध्ये दिला नाय, शबानाबाजी कामावर हायेत. पण भाऊजी माझ्याशी बोलत नाय. ताट वाढून मी वर गेल्याशिवाय पहिला घास घेत नाय. आमचे हे म्हणतात, तुला काय गरज होती, कुणी विचारलं होतं? आईनं सांगितलं, थोडे दिवस वैजापूरला ये. हे छापून आलं तर गल्ली पण वाचेल. मला भीती वाटते. रोज वाटते. तरी लिहिलं, कारण त्या रिपोर्टवर ज्यांचा सगळा जीव अडकलेला असतो अशी माणसं ही पुरवणी वाचत असतील, अन् त्यांच्या हातात पण कुणी ट्रे देईल. अन् दिसलं नाय म्हणजे नाय, असं नसतं.

ती कॉफीची बरणी अजून फडताळात वरच हाय. स्पिरिट कधीच उडून गेलं. मी टाकत नाय अन् वापरत पण नाय. पण त्रास बरणीचा नाय. काल सकाळी आरोहीला दूध द्यायला ग्लास घेतला, घासलेला, पुसलेला, अन् काय करते ते कळायच्या आधीच मी तो दोन बोटांनी कडेला धरून खिडकीच्या उजेडात फिरवत होते. इतका राग आला मला. बाई मेल्या तरी माझ्या हातातनं जात नाय. फेकून देणार होते ग्लास. पण उजेडात बघितलं तर खालच्या अंगाला एक अंगठा उठला होता, पांढुरका.

परत घासला.